सात-दहाची नोंद

कवळीच्या वाटीला माझा कोपर लागला आणि वाटी बेसिनमध्ये कलंडली. एवढंच झालं. पाणी सांडलं, कवळी घरंगळत जाळीपाशी गेली आणि गुलाबी हिरड्या वर करून पडून राहिली. मला उशीर झाला होता, केस अर्धे विंचरलेले, एक हात पिनांनी भरलेला. मी पुटपुटले असेन काहीतरी, कारण मागून सासऱ्यांचा आवाज आला, "राहू दे गं. मी घेतो. मला कुठे आत्ता लागतेय. चहा झाल्याशिवाय मी ती घालतच नाही." हे मला ठाऊक होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ठाऊक होतं. रात्री जेवल्यावर ते कवळी साबणाने घासतात, वाटीत पाणी घेऊन तिच्यात ठेवतात, आणि सकाळी पहिला चहा नुसत्या हिरड्यांवर पितात. मी कवळी उचलली. ती गार होती. ती हातात असतानाच मला एक वही आठवली, त्या वहीतली एक ओळ आठवली, आणि ती ओळ माझ्या अक्षरात होती. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी या माणसाच्या तोंडात दातच नसतात. मी कवळी वाटीत ठेवली, नवं पाणी घातलं आणि बसथांब्याकडे निघाले.

माझं काम सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आमच्या ऑफिसात बारा टेबलं आहेत आणि बाराही जणी दिवसभर लोकांच्या हृदयाच्या रेघा पाहतो. ज्याच्या छातीत धडधडतं, चक्कर येते, ठोका चुकल्यासारखा वाटतो, त्याच्या छातीवर डॉक्टर डाव्या बाजूला एक पॅच चिकटवतात. तो चौदा दिवस तिथेच असतो, अंघोळीतसुद्धा, आणि प्रत्येक ठोका टिपून ठेवतो. काही विचित्र वाटलं की त्या माणसाने पॅचवरचं बटण दाबायचं आणि सोबतच्या वहीत लिहायचं: किती वाजले, काय करत होतो, काय वाटलं. चौदा दिवसांनी पॅच आणि वही आमच्याकडे येतात; वहीतल्या नोंदी टाइप होऊन पडद्यावर येतात, अक्षर आम्हाला दिसत नाही. लाखो ठोके आधी कॉम्प्युटर वाचतो. त्याला जिथे संशय येतो तेवढे तुकडे तो आमच्यापुढे टाकतो, आणि आम्ही सांगायचं, खरं की कचरा. कचरा हा आमचा शब्द. माणूस कुशीवर वळतो, छाती खाजवतो, मूल उचलून घेतो, की रेघ वेडीवाकडी होते. त्यात हृदयाचा काही दोष नसतो. या सगळ्या कचऱ्यात नामांकित म्हणजे दात. दात घासताना हात असा काही हलतो की रेघ रुंद, भराभर, वरखाली धावायला लागते. हुबेहूब खालच्या कप्प्यांतून सुटलेला, ताब्यात नसलेला ठोका, ज्याने माणूस जागच्या जागी कोसळतो. कॉम्प्युटर घाबरतो, लाल चौकट घालतो. आम्ही वेळ बघतो, सकाळ; वही बघतो, तोंड धुणे; आणि दोन अक्षरं टाइप करतो, दात. पुढचा तुकडा. नव्या मुलींना हा किस्सा मीच सांगते. पहिल्या दिवशी सांगते आणि सगळ्या हसतात. मग मी गंभीर होऊन सांगते, की हसा, पण त्या गोंधळाच्या आत हृदयाचे स्वतःचे छोटे ठोके शोधा. ते आपल्या चालीने चाललेले दिसले तरच दात. दिसले नाहीत तर दात नाहीत. चार सेकंद जास्त लागतील, लागू देत. ऑफिसात मला घार म्हणतात. माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून.

बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि ती मिळायला नको होती असं वाटलं. उभं राहिलं की तोल सांभाळण्यात मन गुंततं. अडीच महिन्यांपूर्वी सासरे म्हणाले होते, "मधूनच कसंतरी होतं." मला वाटलं, झालं सुरू. माझा नवरा महिन्यातले वीस दिवस पुलांच्या कामावर बाहेरगावी असतो, आणि तो गेला की यांचं काहीतरी दुखतं अशी माझी समजूत. समजूत कशी झाली ते आता आठवून पाहिलं तर वर्षभरात ते दोनदा आजारी पडले होते, आणि एकदा त्यांना खरोखरच ताप होता. पण समजूत एकदा झाली की तिला पुरावा लागत नाही. तरी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, पॅच लावून आणला. चांगली सून आहे मी, सगळे म्हणतात. त्यांचा हात थरथरतो म्हणून वही मी लिहायची असं ठरलं. रोज संध्याकाळी मी भाजी निवडत बसले की ते समोर खुर्ची ओढून बसत आणि दिवसाचं सांगत.

सासरे लिफ्टचे मिस्त्री होते. एकतीस वर्षं. शहरातल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत त्यांचा जन्म गेला. प्रत्येक खोलीत एक रजिस्टर असायचं आणि त्यात लोकांची तक्रार लिहायची असायची. त्यांच्या जोडीदारांनी सगळीकडे एकच शब्द लिहिलेला: बिघाड. हे मात्र माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहून घेत. तिसऱ्या मजल्याच्या आजी म्हणतात, लिफ्ट उसासा टाकते. डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबताना पोटात गोळा येतो. "उसासा म्हणाल्या तर ब्रेकचं बघायचं, गोळा म्हणाल्या तर वजनाचं," असं ते मला समजावून सांगत. "आपण आपला शब्द घातला की निम्मी तक्रार तिथेच मेली." मी हे जेवताना चार वेळा तरी ऐकलं असेल, आणि चारही वेळा वाढण्यात लक्ष घातलं असेल.

नवव्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "लिही. सकाळी सात-दहा. बेसिनपाशी उभा होतो. चूळ भरायला नळ सोडला. तेवढ्यात आतून कोणी दोर सोडल्यासारखं झालं. गुडघे गेले. बेसिनला धरलं. पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज ऐकू येईना. बटण दाबलं. मग आपोआप आवाज आला पाण्याचा." त्या दिवशी मी चारशे तुकडे पाहून आले होते. डोळ्यांची आग होत होती, भाजीत अळी निघाली होती, आणि वहीतला तो रकाना जेमतेम दोन बोटांचा. शिवाय असल्या लांबलचक वह्या आमच्याकडे आल्या की आम्हीच वैतागतो, कादंबरी लिहिली म्हणतो. मी लिहिलं: ७.१०, तोंड धुणे. त्यांनी मान पुढे करून विचारलं, "सगळं लिहिलंस ना?" चष्मा त्यांच्या खिशात होता. मी म्हटलं, "हो, बाबा."

ऑफिसात पोचेपर्यंत माझ्या मनात एकच आशा होती, आणि ती सांगायची मला लाज वाटते. सात-दहाच्या तुकड्यावर कोणीतरी दात टाइप केलेलं असणार हे मला कळलं होतं. वहीत तोंड धुणे असताना दुसरं काय करणार कोणी? पण ते खिडकीपाशी बसणाऱ्या नव्या मुलीने केलेलं असावं, अशी माझी आशा होती. तिचं लक्ष नसतं. तिला मी रागावले असते. तिला रागावताना कोणते शब्द वापरायचे ते मी जिने चढताना जुळवूनही ठेवले होते. नात्यातल्या माणसाची फाइल उघडायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, आम्ही त्यावर सही केलेली असते. नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते क्रमांक. पण पॅचच्या खोक्याची पावती माझ्या पर्समध्ये होती. बाकीच्या चहाला गेल्या तेव्हा मी क्रमांक घातला. नववा दिवस. सात-दहा. लाल चौकट. अकरा सेकंदांची धाव, रुंद, भराभर, आणि तिच्या शेवटाकडे बटण दाबल्याची खूण. मी आतले छोटे ठोके शोधले. चार सेकंद शोधले, मिनिटभर शोधले, पडदा मोठा करून बोट ठेवून शोधले. नव्हते. कुठेच नव्हते. अकरा सेकंद या माणसाचं हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत राहिलं होतं आणि तो बेसिनला धरून पाण्याचा आवाज परत यायची वाट पाहत उभा होता. खाली लिहिलेलं होतं: दात. पाहणारी व्यक्ती, क्रमांक बावीस. पाहण्यात गेलेला वेळ, तीन सेकंद. बावीस म्हणजे मी.

त्या क्षणी उठून मोठ्या बाईंकडे जायला हवं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, काचेच्या खोलीत बसतात, खोलीचं दार कायम उघडं असतं, माझ्या टेबलापासून मोजून पंधरा पावलं. मी उठले आणि पाणी पिऊन परत आले. मग मी दवाखान्यात फोन केला. गोड आवाजात म्हटलं, सासऱ्यांना अजून थोडं चक्कर आल्यासारखं वाटतं, नवा पॅच लावून मिळेल का? पुन्हा पॅच लावला की पुन्हा सापडेल, नवीन सापडल्यासारखं सापडेल, आणि जुना तुकडा कोणी उघडणारही नाही. असा हिशेब एवढ्या झटपट आणि एवढा बिनचूक माझ्या डोक्यात तयार झाला की मी स्वतःलाच घाबरले. पलीकडची मुलगी म्हणाली, जागा अठरा दिवसांनी आहे, तातडीचं आहे का? मी म्हटलं, नाही, तातडीचं काही नाही. फोन ठेवला आणि दिवसभर काम केलं. तीनशे ऐंशी तुकडे. एकाही तुकड्याला मी तीन सेकंदांत हातावेगळं केलं नाही, इतकी मी त्या दिवशी प्रामाणिक होते.

संध्याकाळी घरी आले तर ते पेपरातलं कोडं सोडवत होते. मी त्यांच्याकडे चोरून पाहत राहिले. गळ्याशी शीर उडत होती का? नेहमीसारखीच. रिपोर्ट आला त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, सगळं नीट आहे. काही निघालं नाही. तुम्हाला उगाच वाटतं." आवाजात जरा तोराही होता, कारण रिपोर्ट आमच्या कंपनीचा होता. त्यावर ते म्हणाले, "बरं. मग माझंच काहीतरी." तेव्हापासून त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. मी नवऱ्याला फोनवर सांगितलंही होतं, बघ, रिपोर्ट दाखवला आणि दुखणं पळालं. आम्ही दोघं हसलो होतो. ते आतल्या खोलीत होते, आणि आमच्या घरात भिंती पातळ आहेत. आता जेवताना त्यांनी विचारलं, "तुला बरं नाही का? सारखी माझ्याकडे बघतेस." मी म्हटलं, डोळे दुखतात. ते म्हणाले, "दुसऱ्यांचं बघून बघून दुखणारच." त्यांनी स्वतःचं ताट स्वतः उचललं. मी उठले नाही, उठता आलं नाही.

सकाळी मला जाग आली ती फरशीवर काहीतरी घासत आणल्याच्या आवाजाने. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल. महिनाभर रोज सकाळी ते स्टूल बेसिनपाशी यायचं आणि रोज मी ते उचलून परत नेऊन ठेवायचे. एकदा मी विचारलंही होतं, "हे इथे कशाला आणता, बाबा? पायात येतं." ते म्हणाले होते, असंच, पाय दुखतात. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही, नुसतं आपटलं. आज मी दारात जाऊन उभी राहिले. ते स्टुलावर बसले होते, एक हात बेसिनच्या कडेवर, दुसऱ्या हाताने नळ अगदी बारीक सोडलेला, आणि मान कलती करून ते पाण्याचा आवाज ऐकत होते. तो आवाज चालू आहे ना, याची खात्री करून घेत होते. महिनाभर हा माणूस रोज सकाळी असा, कोणाला न सांगता, स्वतःच्या हृदयावर पहारा देत बसत होता, आणि मी त्याचं स्टूल उचलून नेत होते. माझी चाहूल लागताच ते दचकून अर्धवट उठले. दात नसल्याने शब्द पुसट आले. "आवाज झाला का? ठेवतो हं परत. जागेवर ठेवतो."

"उठू नका, बाबा," मी म्हटलं. "बसून राहा. हलू नका." मग मी तिथेच उभ्या उभ्या मोठ्या बाईंना फोन लावला. त्या नुकत्याच उठल्या असाव्यात. मी सांगितलं, अमुक क्रमांकाची फाइल, नववा दिवस, सात-दहा, मी दात टाकलं, ते दात नाहीत. ते माझे सासरे आहेत. फाइल मी काल उघडली. काल कळलं आणि काल सांगितलं नाही. हे सगळं मी सासऱ्यांच्या समोर बोलले, कारण दुसऱ्या खोलीत जाऊन बोलले असते तर पुन्हा एकदा पळाल्यासारखं झालं असतं. मोठ्या बाईंनी क्रमांक पुन्हा विचारून लिहून घेतला. मग म्हणाल्या, "त्यांना उभं राहू देऊ नकोस. गाडी बोलाव. मी डॉक्टरांना तो तुकडा आत्ता पाठवते." मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणाल्या, "तुझं नंतर बघू. लेखी दे." आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवून वळले तर सासरे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असं वाटत होतं. एकोणीस वर्षांत ते मला एकदाही उलटून बोलले नव्हते, एवढी मोठी रक्कम कुठेतरी साठलीच असेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांना आनंद झाला होता. "म्हणजे खरंच होत होतं?" त्यांनी विचारलं. "दोर सुटल्यासारखं व्हायचं ते? खरंच?" मी मान हलवली. "मला वाटलं, म्हातारपणी लाड करून घ्यायची खोड लागली आपल्याला," ते म्हणाले आणि बोळक्या तोंडाने हसले. "बरं झालं बाई. डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं." ज्याचं हृदय कधीही दगा देईल त्या माणसाचा जीव भांड्यात पडला होता. मी फरशीवर बसले आणि त्यांचे गुडघे धरले. ते गुडघे गेले होते असं त्यांनी मला सांगितलं होतं. दोन शब्द होते नुसते, रकान्यात मावले असते.

इस्पितळात त्यांना लगेच आत घेतलं. तारा लावल्या, डोक्याशी मॉनिटर लावला. त्या पडद्यावरच्या रेघेकडे मी पाठ करून उभी राहिले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला रेघ वाचायची भीती वाटली. नर्स म्हणाली, कवळी असेल तर काढून द्या. ती त्यांनी गाडीत बसताना माणसांत जायचं म्हणून घाईने घातली होती. त्यांनी ती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. या वेळी ती कोमट होती. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, खोक्याच्या पावतीशेजारी. डॉक्टर येऊन सांगून गेले, की दुपारी तपासणी, मग बहुतेक छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल, ठोका सुटला की ते त्याला आवरेल, वेळेवर आलात. वेळेवर हा शब्द ऐकून मी खाली बघितलं. मग नर्सने फळीला लावलेला एक कागद दिला, नातेवाइकांनी भरायचा. काय होतं, केव्हापासून होतं, आधी कोणाला सांगितलं होतं का.

"तूच लिही," सासरे म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे." मी पेन काढलं. त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली, तसंच, शब्द न शब्द. बेसिन, नळ, दोर, गुडघे, पाण्याचा आवाज. मी तसंच लिहीत गेले, ओळी रकान्याबाहेर गेल्या, समासात गेल्या, कागद फिरवून आडव्या लिहिल्या. शेवटच्या प्रश्नाशी ते थांबले. त्यांनी डोळे उघडले, नर्स लांब आहे हे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तिथे लिही, आधी कोणाला सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, "बाबा." ते म्हणाले, "लिही गं. म्हातारा माणूस, नाही सांगितलं. कोणाला काय त्याचं? तुझी नोकरी आहे." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले, जणू विषय संपला. मी पेन टेकवलं. मी लिहिलं: सुनेला त्याच दिवशी सांगितलं होतं. तिने लिहून घेतलं नाही. नंतर तिनेच तो ठोका पाहिला आणि कचऱ्यात टाकला.

"सगळं लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. चष्मा मी आणला होता. तो मी त्यांना घालून दिला आणि कागद हातात दिला. कागद वाचायला त्यांना बराच वेळ लागला, आडव्या ओळींपाशी मान वाकडी करावी लागली, शेवटच्या ओळीवर ओठ हलायचे थांबले. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली असावी. मी भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला आणि कोपऱ्यातल्या एका रिकाम्या चौकटीवर नख ठेवलं.

"वेळ राहिली," ते म्हणाले.

मी लिहिलं, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.